लोकांच्या हाती देण्यापूर्वी

भिंतीवर टांगलेली दिनदर्शिका तुम्ही रोज पाहता. आजी तिच्यावरून एकादशी पाहते, आई दुधाचा खाडा तिच्यावर टिपून ठेवते आणि तुम्ही सुटीचे लाल आकडे मोजता. घरोघरची ही सोबतीण आता संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावरही आली आहे. तिला ऑनलाइन कॅलेंडर म्हणतात. गूगल या कंपनीने १३ एप्रिल २००६ रोजी आपली अशी दिनदर्शिका लोकांना खुली केली. आज अशा अनेक दिनदर्शिका वापरात आहेत.

कागदी दिनदर्शिका तारीख दाखवते आणि गप्प राहते. ही नवी दिनदर्शिका मात्र आपले काम लक्षात ठेवते, वेळ होताच सूचना देते आणि आपण परवानगी दिली, तर परगावच्या माणसालाही तीच नोंद दाखवते. तिच्यातील नोंदी दूर ठेवलेल्या मोठ्या संगणकांत साठवलेल्या असतात. म्हणून त्या कोठूनही पाहता येतात. पण जिच्यावर माणसे एवढा भरवसा ठेवतात, तीच चुकली तर? कोणाची गाडी चुकेल, तर कोणाची परीक्षा. म्हणूनच ती लोकांच्या हाती देण्यापूर्वी फार मोठी तयारी करावी लागते.

कल्पना करा, पाच-सहा तरुण मंडळी अशी एक दिनदर्शिका तयार करीत आहेत. महिने, वार, रंग, सारे सजून तयार आहे. महिन्याभराने ती खुली व्हायची आहे. आता राहिले काय, असे कोणालाही वाटेल. पण खरे कष्टाचे काम आताच सुरू होते. ते म्हणजे आपल्याच कामातील चुका शोधण्याचे.

पहिली कसोटी लीप वर्षाची. ज्या वर्षाला चाराने भाग जातो ते लीप वर्ष, हे तुम्हांला ठाऊक आहे. परंतु एवढा नियम पुरत नाही. शतकपूर्तीच्या वर्षाला चारशेने भाग जावा लागतो. म्हणून १९०० हे लीप वर्ष नव्हते, २००० होते आणि २१०० नसेल. अशा नियमात थोडी चूक झाली, तरी काय होते ते पाहा. २००८ हे लीप वर्ष होते. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला झून नावाची, संगीत ऐकवणारी अनेक यंत्रे एकाएकी बंद पडली. वर्षाचा ३६६ वा दिवस उजाडला आणि त्यांच्या घड्याळाचे गणित एकाच ठिकाणी फिरत राहिले. आधीचे ३६५ दिवस जी चूक लपून बसली होती, तिने त्या एका दिवशी घात केला. म्हणून आपली ही मंडळी संगणकाचे घड्याळ मुद्दाम पुढे सरकवतात आणि २९ फेब्रुवारी व ३१ डिसेंबर हे दिवस पुन्हा पुन्हा आणून पाहतात.

दुसरी कसोटी सणांची. वाढदिवस दरवर्षी त्याच तारखेला येतो. गुढीपाडवा तसा येत नाही. २०२३ साली तो २२ मार्चला, २०२४ साली ९ एप्रिलला आणि २०२५ साली ३० मार्चला आला. आपले सण चंद्राच्या तिथींवर चालतात आणि चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. हे अंतर भरून काढण्यासाठी मधून मधून अधिक महिना येतो. तेव्हा ‘दरवर्षी याच तारखेला’ असे सणाच्या बाबतीत लिहून भागत नाही. पंचांगाचे गणितच करावे लागते.

तिसरी कसोटी सर्वांत कठीण. ती देशोदेशींच्या घड्याळांची. आपले घड्याळ ग्रिनिचच्या प्रमाणवेळेपेक्षा साडेपाच तास पुढे असते, तर नेपाळचे पावणेसहा तास. अमेरिकेच्या बहुतेक भागांत मार्चमध्ये घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा मागे घेतात. हा बदल कधी करायचा, याचा नियमही २००७ साली बदलला. सामोआ या बेटांच्या देशाने तर २०११ साली ३० डिसेंबर हा दिवसच गाळला. तेथे २९ तारखेच्या गुरुवारनंतर एकदम ३१ तारखेचा शनिवार उजाडला! अशा नियमांची एक सामाईक नोंदवही आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात तिचा आरंभ केला. जगातील असंख्य संगणक आजही तिच्याच आधाराने वेळ सांगतात.

सर्व कसोट्या झाल्यावर आपल्या मंडळींनी ती दिनदर्शिका ओळखीच्या काही माणसांना वापरण्यास दिली. त्यांत सांगलीची एक आजी होती आणि न्यूयॉर्कला राहणारा तिचा नातू होता. दर रविवारी सकाळी नऊ वाजता आजीला फोन करायचा, अशी नोंद नातवाने केली. आजीला तीच वेळ संध्याकाळी साडेसात अशी दिसली. थंडीच्या दिवसांत ते बरोबरच होते. पण खुली करण्याच्या आदल्या दिवशी एकाने घड्याळ मार्चअखेरीस नेऊन पाहिले, तो आजीची वेळ तशीच साडेसात! खरे तर ती साडेसहा व्हायला हवी होती. गावाच्या नावावरून वेळ काढण्याऐवजी कोणीतरी साडेदहा तासांचे अंतर कायमचे लिहून ठेवले होते.

“मार्चला अजून अवकाश आहे,” एकजण म्हणाला, “उद्या खुली करू, चूक मागाहून दुरुस्त करू.”

मंडळींची प्रमुख असलेली तरुणी शांतपणे म्हणाली, “मार्चमध्ये नातू फोन करील तेव्हा आजी देवळात असेल. साडेसातला ती फोनजवळ येऊन बसेल आणि फोन वाजणार नाही. चूक आपली, पण तिला वाटेल, नातू आपल्याला विसरला. हे तुला चालेल का?”

कोणी काही बोलले नाही. दिनदर्शिका खुली करण्याचा दिवस पुढे ढकलला गेला. चूक सुधारून सर्व कसोट्या पहिल्यापासून पुन्हा घेतल्या गेल्या. मग ती आधी थोड्या लोकांना आणि नंतर सर्वांना खुली झाली.

मार्चअखेरच्या एका रविवारी आजी सव्वासहालाच देवळातून परतली आणि साडेसहाला फोन वाजला. त्या फोनमागे किती जणांचे कष्ट होते, हे तिला ठाऊक नव्हते. ते ठाऊक असण्याची गरजही नव्हती. चांगले काम असेच असते; ते नीट चालू लागले की करणारा दिसत नाही.

स्वाध्याय

१. १९०० हे लीप वर्ष का नव्हते?
२. गुढीपाडवा दरवर्षी एकाच तारखेला का येत नाही?
३. दिनदर्शिका खुली करण्याचा दिवस पुढे ढकलणे तुम्हांला योग्य वाटते का? कारणे द्या.
४. वाक्यांत उपयोग करा : घात करणे, भरवसा ठेवणे, पुढे ढकलणे.