ऑल-इन कधी करावं?

प्रश्न : नऊ जणांच्या छोट्या पोकर स्पर्धेत सगळ्या चिप्स नेमक्या केव्हा लावाव्यात?

उत्तर : हातातल्या चिप्स मोठ्या ब्लाइंडच्या किती पट आहेत, हे आधी पाहावं लागतं. दहापटीच्या खाली घसरलेल्या खेळाडूकडे सहसा दोनच मार्ग उरतात: पानं टाकणं किंवा सगळं लावणं. तीनपटीपर्यंत वाट पाहत बसणं महागात पडतं, कारण तेवढ्याशा रकमेला घाबरून कोणी माघार घेत नाही. आणि ऑल-इनची बरीचशी कमाई तर समोरच्याच्या माघारीतूनच होते. मागे दोघेच उरले असतील, तर लहानशी जोडीही पुरते.

दुसऱ्याच्या ऑल-इनला भिडण्याचा हिशेब मात्र वेगळा. बक्षिसं 50, 30 आणि 20 टक्के, उरलेले चौघं, चिप्स समसमान. म्हणजे प्रत्येकाचा वाटा 25 टक्के. डाव जिंकून चिप्स दुप्पट झाल्या तरी वाटा 50 होत नाही, सुमारे 38 वरच अडतो. हरल्यास शून्य. ब्लाइंडची भर सोडली, तर जिंकण्याची शक्यता 65 टक्के तरी हवी. वेगळ्या रंगांचे एक्का-राजा कुठल्याही दोन पानांसमोर जेमतेम तेवढेच जिंकतात. समोरचा निवडक पानांवरच लावणारा असेल, तर कितीही जिवावर आलं तरी ते टाकावेत.