आधी लाईट मोज, मग नोड उघड

पोरा, उद्यापासून दिंडोशीच्या लाईनवर तू एकटा जाणार. एक शपथ घे: उपसलेला कनेक्टर डोळ्यासमोर धरायचा नाही. १४९० नॅनोमीटर काय, १५५० काय, ही लाईट दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकते.

लाईट मोजायच्या मीटरच्या तोंडाशी बारीकसा फोटोडायोड असतो. लाईट पडली की त्यातून करंट निघतो, त्यावरून मीटर डीबीएम दाखवतो. शून्य म्हणजे एक मिलिवॅट, मायनस २० म्हणजे त्याचा शंभरावा हिस्सा. तीन डीबी गेले की लाईट निम्मी. आठच्या स्प्लिटरमध्ये साडेदहाच्या आसपास जातात, किलोमीटरभर फायबरमध्ये अर्धासुद्धा नाही. त्यामुळे संतोषनगरच्या गल्लीत दहा डीबी जास्तीचे गेले, तर अंतराला दोष देऊ नकोस. खिळ्याला मुडपलेली केबल शोध.

आता नीट ऐक. डायोडला वेव्हलेंग्थ ओळखता येत नाही. बटण दाबलं तरी फक्त हिशेब बदलतो, आलेली सगळी लाईट तो एकत्रच मोजतो. एकदा नागरी निवाऱ्यात एका विंगचं इंटरनेट बंद, टीव्ही मात्र झकास. मीटरवर मायनस ३ बघून मी बेधडक एका घरातला मोडेम बदलला. दोन दिवस त्या घरातली मुलगी अभ्यासासाठी शेजारी जात होती, ते अजून खटकतं. मायनस ३ होती ती टीव्हीच्या १५५० ची. इंटरनेटची १४९० येतच नव्हती. कंट्रोल रूममध्ये दोन्ही लाईट एकत्र करतात तिथे तिचा कनेक्टर मळला होता. तेव्हापासून दोन्ही वेगळ्या दाखवणारा पॉन मीटरच वापरतो.

नोडमध्येही असाच डायोड. फरक एवढाच की चॅनेलांच्या लहरी लाईटच्या चढउतारात बसून आलेल्या असतात. डायोड त्यांचा पुन्हा करंट करतो, अँप्लिफायर तो वाढवून कोॲक्समध्ये सोडतो. एजीसी, म्हणजे पातळी आपोआप सांभाळायची सोय, नसलेल्या नोडमध्ये लाईट एक डीबी घटली की आरएफ दोन डीबी घटतो. अशा वेळी गेन पिळू नकोस, सिग्नलबरोबर खरखरही वाढते. २०१२ च्या अखेरीस मुंबईत डिजिटल आलं, तेव्हापासून मुंग्या दिसून आधी कळायची सोय गेली. चित्र शेवटपर्यंत स्वच्छ असतं आणि एकदम चौकोन पडतात. म्हणून नोडच्या झाकणाच्या आत तारीख आणि रीडिंग लिहून ठेव.

शेवटी कनेक्टरचं: हिरव्याचं टोक आठ अंशांत तिरकं असतं, निळ्याचं नसतं. निळा त्यात बसतो, पण तोंडं जुळत नाहीत. पिशवीत दोन हिरव्या पॅच कॉर्ड आणि पुसायचे वाईप्स ठेवलेत, बघून घे.