जुन्या बसचा दुहेरी क्लच : घाटरस्त्यावरील चालकांसाठी एक पाठ

नागपूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर वसले आहे, तर छिंदवाडा सुमारे ६७५ मीटरवर. या दोहोंमधील सव्वाशे किलोमीटरांच्या वाटेवर सौंसर लागते. तेथवरचा संत्र्यांच्या बागांमधून जाणारा रस्ता बराचसा सपाट आहे. उंचीचा मोठा हिस्सा पुढे सिल्लेवानी घाटाच्या वळणांवर थोड्या अंतरात चढावा लागतो. पांढुर्ण्याची गोष्ट याहून फार निराळी नाही. मुलताईच्या पठारावरून निघालेला राष्ट्रीय महामार्ग सातपुड्याचा उतार उतरूनच पांढुर्ण्यात पोहोचतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या उत्तरेकडील वाटा या अशा चढ-उतारांच्या आहेत.

या वाटांवर वर्षानुवर्षे मध्य प्रदेश राज्य सडक परिवहन निगमाच्या गाड्या धावल्या. १९६२ साली स्थापन झालेले हे निगम बंद करण्याचा निर्णय २००५ साली झाला आणि पुढे टप्प्याटप्प्याने त्याची सेवा थांबली. निगमाच्या जुन्या गाड्यांवर ज्यांचा हात बसला ती चालकांची पिढी आता निवृत्त झाली आहे. तिच्याबरोबर ‘डबल क्लच’ या नावाने ओळखली जाणारी विद्याही विरळ होत चालली आहे. नव्या बसगाड्यांत तिची गरज सहसा पडत नाही, हे खरे. परंतु जुन्या बनावटीचा ट्रक, पाण्याचा टँकर किंवा डागडुजी करून चालविलेली बस आजही तरुण चालकाच्या हाती येते, आणि तेव्हा ‘गिअर पडत नाही’ ही तक्रार ऐकू येते. गिअर पडत नाही याचा सपाटीवर अर्थ थोडी खरखर आणि थोडी फजिती एवढाच. उतारावर मात्र त्याचा अर्थ, प्रवाशांनी भरलेली गाडी कोणत्याही गिअरात नाही आणि तिला धरून ठेवायला ब्रेकखेरीज दुसरे काही उरलेले नाही, असा होतो.

दुहेरी क्लच ही पायांची करामत आहे, असा एक समज आहे. वस्तुतः तो दोन फिरत्या दांड्यांचा वेग जुळविण्याचा व्यवहार आहे. गिअरपेटीत एका बाजूने इंजिनाकडून येणारा दांडा फिरतो आणि दुसऱ्या बाजूला चाकांशी जोडलेला दांडा फिरतो. इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये क्लच असतो. क्लच दाबला की इंजिन सुटे होते. चाकांचा दांडा मात्र गाडी चालू असेतोवर चाकांच्या तालावरच फिरत राहतो. गिअर टाकणे म्हणजे या दोन बाजूंचे दाते एकमेकांत अडकविणे. वेग जुळलेला असेल तर ते अलगद बसतात. जुळलेला नसेल तर एकमेकांवर आपटतात आणि झिजतात. चालत्या बैलगाडीत चढणारा गडी आधी गाडीबरोबर चार पावले धावतो आणि मगच पाय टाकतो. उभ्याउभ्या पाय टाकला तर तो फेकला जाणारच.

एक हिशेब घेऊ. समजा, गाडी चौथ्या गिअरात आहे आणि इंजिन मिनिटाला १,२०० फेरे घेत आहे. चढ लागला म्हणून तिसरा गिअर हवा आहे. गाडीचा वेग तोच ठेवून तिसऱ्या गिअरात इंजिनाला, समजा, १,८०० फेरे घ्यावे लागतील. म्हणजे चालकाने चौथा काढून तिसरा टाकण्याआधी गिअरपेटीतील इंजिनाकडच्या दांड्याचा वेग १,२०० वरून १,८०० वर नेला पाहिजे. क्लच दाबलेला असताना कितीही रेस दिली तरी ती त्या दांड्यापर्यंत पोहोचत नाही. इंजिन एकटेच ओरडते. म्हणून दांडा न्यूट्रलमध्ये आणून क्लच मध्येच एकदा सोडावा लागतो. तेवढ्या क्षणात रेस दिली की इंजिन त्या दांड्याला आपल्याबरोबर वर घेऊन जाते. मग पुन्हा क्लच दाबून तिसरा गिअर टाकायचा. क्लच दोनदा दाबला गेला म्हणून हा दुहेरी क्लच.

सगळा क्रम असा : क्लच दाबा, दांडा न्यूट्रलमध्ये आणा, क्लच सोडा, रेस द्या, क्लच दाबा, खालचा गिअर टाका, क्लच सोडा. वरचा गिअर टाकताना क्रम हाच, फक्त मध्ये रेस द्यायची नाही. तेथे फेरे १,८०० वरून १,२०० वर उतरायचे असतात, म्हणून न्यूट्रलमध्ये क्लच सोडून क्षणभर थांबायचे असते. हे थांबणेच नवशिक्यास अवघड जाते. हात घाई करतो आणि गिअर करकरतो.

शिक्षकांना हे वर्गात दाखविणे शक्य आहे. दोन सायकली उलट्या उभ्या करून त्यांच्या चाकांचे टायर एकमेकांना टेकतील अशा ठेवाव्यात. एक चाक जोराने फिरवून स्थिर चाकाला टेकविले तर रबर घासल्याचा आवाज होतो आणि हिसका बसतो. दोन्ही चाके विरुद्ध दिशांना सारख्याच वेगाने फिरवून टेकविली तर ती मुकाट्याने एकमेकांबरोबर फिरतात. मुलांची बोटे आऱ्यांपासून दूर राहतील एवढी काळजी घ्यावी. याच प्रयोगातून नव्या गाड्यांचे रहस्यही उलगडते. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत प्रथम आलेल्या सिन्क्रोमेश गिअरपेटीत दाते अडकण्याआधी शंकूच्या आकाराच्या कड्या एकमेकींवर घासून वेग जुळवून देतात. चालकाचे काम यंत्र करते. मात्र त्या कड्या झिजल्या की नवी गाडीही जुन्यासारखीच वागू लागते, आणि तेव्हा दुहेरी क्लच येणारा चालक गाडी सुखरूप मुक्कामी आणतो.

शिकणाऱ्याने सुरुवात इंजिन बंद असलेल्या उभ्या गाडीत करावी. दांड्याकडे न पाहता हात योग्य जागी जाईपर्यंत आणि पाय क्रम विसरेनासा होईपर्यंत हे करणे कंटाळवाणे खरे, पण त्याला पर्याय नाही. त्यानंतर मोकळी गाडी मोकळ्या, सपाट रस्त्यावर न्यावी आणि आधी वरचे गिअर, मग खालचे गिअर घ्यावेत. किती रेस द्यावी हे फेरे मोजणाऱ्या काट्यावरून शिकता येते, पण जुन्या गाडीत तो काटा बहुधा नसतो, आणि असला तरी घाटात त्याकडे पाहायला सवड कुठली! कानच काट्याचे काम करतो. तिसऱ्या गिअरात ज्या वेगाला इंजिनाचा जो सूर असतो, तोच सूर रेस देऊन आणायचा. गिअर अडला तर त्यावर जोर करू नये. पुन्हा न्यूट्रल, पुन्हा क्लच सोडणे, पुन्हा रेस. ताकदीने घातलेला गिअर बसलाच तर एखादा दाता घेऊन बसतो.

चढावर आणि उतारावर हिशेब बदलतो, आणि या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. चढावर न्यूट्रलच्या क्षणात गाडीचा वेग झपाट्याने कमी होतो. त्यामुळे रेस कमी लागते, पण हालचाल चपळ हवी. रेंगाळल्यास तिसऱ्याऐवजी दुसराच गिअर घ्यावा लागतो. उतारावर उलट घडते. न्यूट्रलमध्ये गाडी वेग घेते आणि जुळवायचे फेरे १,८०० चे १,९०० होतात, २,००० होतात. जुन्या डिझेल इंजिनावर फेऱ्यांना मर्यादा घालणारा गव्हर्नर असतो. गाडीचा वेग त्या मर्यादेच्या पुढे गेला की कितीही रेस दिली तरी तो गिअर पडणे शक्यच नसते. अनुभवी चालक उतार सुरू होण्यापूर्वीच, गाडी हळू असताना, खालचा गिअर घेतात आणि ज्या गिअराने घाट चढला असता त्याच गिअराने तो उतरतात, त्यामागचे कारण हेच. मग इंजिनच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेक थंड राहतात.

तरीही उतारावर गिअर चुकलाच तर इंजिन बंद करू नये. हवेच्या ब्रेकांना हवा पुरविणारा पंप इंजिनावरच चालतो. ब्रेक वारंवार दाबून सोडण्यात साठलेली हवा वाया जाते, म्हणून तो घट्ट दाबून गाडीचा वेग आधी खाली आणावा आणि त्या वेगाला जो गिअर जुळेल तो, मग तो वरचा का असेना, रेस देऊन घालावा. इंधन वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देण्याची सवय काहींना असते. ती अत्यंत घातक आहे. संत्र्यांनी भरलेली ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनाही हे तितकेच लागू आहे. बहुसंख्य जुन्या ट्रॅक्टरांत चालत्या गाडीत गिअर बदलण्याची सोय नसते, तेव्हा त्यांनी उताराच्या माथ्यावर थांबून खालचा गिअर घालावा आणि मगच ट्रॅक्टर पुढे घ्यावा.

बस किंवा ट्रक चालवू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी कायद्याच्या दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी वयाची वीस वर्षे पूर्ण असावी लागतात आणि शिकाऊ परवान्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष असावा लागतो. आठवी उत्तीर्ण असण्याची अट केंद्र शासनाने २०१९ साली काढून टाकली. त्यामुळे शाळा अर्धवट सुटलेल्या अनेकांना हा व्यवसाय खुला झाला आहे. त्यांच्यापैकी ज्यांच्या वाट्याला जुनी गाडी येईल, त्यांनी पहिले काही दिवस जाणत्या चालकाला शेजारी बसवून, प्रवासी न घेता गाडी न्यावी, आणि सपाटीवर लागोपाठ दहा वेळा गिअर न करकरता पडू लागेपर्यंत सिल्लेवानीची वाट धरू नये.