एआयची सीट आणि घरच्यांचा हट्ट

बारावीचा निकाल लागला की सांगोला तालुक्यातून फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला: “सर, एआयला नंबर लागेल का? नाहीतर मॅनेजमेंट कोट्यातून घेऊ.” स्पष्टच सांगतो, शाखेच्या नावात एआय आहे एवढ्यावर डाळिंबाच्या बागेवर कर्ज काढू नका. मेडिकल, फार्मसी, एमपीएससी हे रस्ते तुम्हाला पाठ आहेत. ते उगाळत बसत नाही.

पोराला फिजिक्स मनापासून आवडत असेल, तर बीएस्सीला घाला. नाक मुरडू नका. एआयची एक वाट फिजिक्समधूनही जाते. आजच्या संगणकात माहिती साठते एकीकडे, हिशेब होतो दुसरीकडे. माहितीच्या या ये-जा करण्यातच एआयची पुष्कळ वीज खर्ची पडते. मेंदूत दोन्ही कामं एकाच जागी चालतात. त्या धर्तीवरचा सुटा भाग म्हणजे मेमरिस्टर. लिऑन चुआ यांनी १९७१ साली तो कागदावर मांडला. २००८ मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेनं टायटॅनियम डायऑक्साइडच्या पातळ थरात तो करून दाखवला. आधी जशी वीज वाहिली, तसा त्याचा रोध बदलतो आणि वीज बंद केली तरी टिकतो. वर्दळीनं पायवाट मळावी तसा.

मेमरिस्टर बनवण्याचं काम कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठात डॉ. टी. डी. डोंगळे यांच्या गटात चालतं. वाहक थर दिलेल्या काचेवर ऑक्साइडचा लेप, वर धातूचा ठिपका. मग व्होल्टेज वर-खाली करत प्रवाहाचा आलेख काढायचा. त्याचं वेटोळं शून्यावर चिमटलं गेलं, तर काम जमलं. बेंगळुरूच्या आयआयएस्सीनं २०२४ मध्ये एका मेमरिस्टरमध्ये १६,५०० वेगवेगळ्या अवस्था साठवून दाखवल्या.

या संशोधनाची वाट अशी: बीएस्सी, ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, मग नेट किंवा गेट, मग पीएचडी. जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये. तोवर पाच वर्षं कमाई नाही, हेही ऐकून ठेवा. घरात लगेच पगार हवा असेल, तर ही वाट धरू नका.

मुलगी असेल तर “कोल्हापूर लांब पडतं” हे कारण सांगू नका. सांगोल्याहून मिरजेला रेल्वे जाते, तिथून कोल्हापूर तासाभरावर. आणि शेजारच्या पोराचं पॅकेज जेवताना काढणं बंद करा. प्रवेशाचा अर्ज ज्याला शिकायचंय त्यानं भरावा. आईबापांनी फक्त ओटीपी सांगावा.