मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरची तपासणी

कमरेच्या मणक्यांमधील सरकलेली गादी काढल्यानंतर काही रुग्णांच्या पायात उतरणारी कळ पूर्णपणे थांबत नाही, अथवा काही महिन्यांनी पुन्हा उद्भवते. अशा वेळी नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "गादी पुन्हा सरकली काय?" एम.आर.आय. तपासणीतून त्याचे उत्तर बहुधा मिळते. मात्र शस्त्रक्रिया झालेल्या पाठीचे चित्र वाचणे अधिक अवघड असते.

शस्त्रक्रियेच्या जागी शरीर नवी तंतुमय ऊती, म्हणजेच व्रण, निर्माण करते. मज्जातंतूच्या मुळाभोवती साचलेला हा व्रण साध्या चित्रात सरकलेल्या गादीसारखाच भासतो. म्हणून शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध देऊन पुन्हा चित्रे घेतात. त्यापूर्वी मूत्रपिंडाच्या विकाराविषयी विचारणा होते. व्रणात रक्तवाहिन्या असल्याने तो काही मिनिटांतच उजळतो. गादीच्या तुकड्यात त्या नसल्याने तो काळाच राहतो, फार तर त्याची कडा उजळते. उशीर झाल्यास औषध गादीतही झिरपते आणि फरक पुसट होतो. या भेदावर पुढील सारे अवलंबून आहे. गादीचा तुकडा पुन्हा काढता येतो. केवळ व्रण काढण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया बहुधा नवा व्रणच देऊन जाते.

पहिल्या काही आठवड्यांत सूज व साकळलेले रक्त यांमुळे, रुग्णाला आराम पडलेला असतानाही, चित्र पूर्वीसारखेच दिसू शकते. निव्वळ समाधानासाठी एवढ्या लवकर केलेली तपासणी चिंताच वाढवते. परंतु लघवी अडणे, बैठकीच्या जागी बधिरता येणे, पायातील शक्ती कमी होत जाणे, ताप येणे किंवा जखमेतून स्राव होणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

टायटॅनियमचे स्क्रू बसविलेल्या रुग्णांची एम.आर.आय. तपासणी सहसा करता येते. पण धातूभोवतीचे चित्र विस्कटते. स्क्रूची जागा व हाडांचे जुळणे सी.टी. स्कॅनवर अधिक स्पष्ट दिसते. शरीराचा भार पेलताना मणके कसे राहतात, हे मात्र उभे राहून काढलेला साधा, अल्प खर्चाचा एक्स-रेच दाखवितो.

तपासणीस येताना शस्त्रक्रियेपूर्वीच्या फिल्म आणि शस्त्रक्रियेचा तपशील असलेले कागद अवश्य आणावेत. तुलनेस जुने चित्र नसेल, तर नव्याचा अर्थ लावणे कठीण जाते. (फिल्म अंथरुणाखाली दुमडून ठेवू नयेत.)