सोडलेला विषय

पेण तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहरी भावे जन्मले. त्यानंतर चारच महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावी चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. त्यांचं बालपण रोह्यात गेलं. शाळेत असताना दोघांपुढे एकच प्रश्न उभा राहिला, आणि तो आजही नववीच्या वर्गात जूनमध्ये उभा राहतो: दुसरी भाषा कोणती घ्यायची? विनायकाचे वडील बडोद्यात नोकरीला, नव्या विद्येचे भोक्ते. त्यांच्या इच्छेखातर मुलाने हायस्कुलात फ्रेंच घेतली. देशमुखांचं संस्कृत होतं. १९१२ च्या मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी पटकावली.

पुढे दोघांनीही गाडी रुळावरून हलवली. फ्रेंचवाला विनायक १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाला तो सुरतेलाच उतरला, काशीला गेला आणि संस्कृत शिकू लागला. 'गीताई' लिहिणारे विनोबा ते हेच. संस्कृतवाले देशमुख केंब्रिजात वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकले, आयसीएस झाले आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

सत्कार समारंभांत ही उदाहरणं ऐकायला फार गोड वाटतात. 'विषय कुठलाही घ्या, हुशार पोर कुठेही पोचतं' असं म्हणून वक्ता खाली बसतो. पण काशीच्या पंडिताकडे जायला मॅट्रिकच्या गुणपत्रिकेत संस्कृत असावं लागत नव्हतं. आज प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत 'पात्रता' नावाचा एक रकाना असतो, आणि तो हुशारी बघत नाही. बारावीच्या गुणपत्रिकेवर अमुक विषय छापलेला आहे की नाही, एवढंच बघतो.

प्रस्तुत लेखिकेला हा रकाना फार उशिरा भेटला. ती रोहा तालुक्यातली. वडील धाटावच्या एमआयडीसीत एका रासायनिक कंपनीत ऑपरेटर. दहावीला चांगले टक्के पडले तेव्हा घरी मोठी बैठक भरली. तेव्हा सीईटी नव्हती. मेडिकलचा प्रवेश बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीच्या गुणांवर व्हायचा. मामांनी निर्णय दिला, "गणित सोड. डॉक्टरला गणित कशाला? त्यापेक्षा भूगोल घे, डोक्याला ताप नाही." मामांचं त्यात वाईट काही नव्हतं. त्या वेळच्या हिशेबाने सल्ला शहाणपणाचाच होता. फक्त तो मेडिकलला नंबर लागेल असं धरून चाललेला होता.

नंबर लागला नाही. तिने केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं. तोवर गावागावांत कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते आणि तिला त्याची खरोखरच गोडी लागली. एमसीएचा अर्ज आणला. पात्रतेत अट: बारावीला किंवा पदवीला गणित हवं. तिच्याकडे ते कुठेच नव्हतं. खिडकीपलीकडच्या कारकुनाने अर्ज परत सरकवला आणि पुढच्याला हाक मारली, इतकं ते साधं होतं. मग बोर्डाच्या भाषेत ज्याला 'तुरळक विषय' म्हणतात, तसा बारावीचा एकटा गणिताचा पेपर तिने दिला. पाच वर्षांनी लहान मुलांबरोबर बसून, शेजारच्या मुलाच्या वह्या आणून. पास झाली, पण तोवर घरची परिस्थिती बदलली होती. एमसीए राहिलं. पुढे बी.एड. करून ती पेणमध्ये रसायनशास्त्र शिकवू लागली. दर जूनमध्ये अकरावीचे अर्ज भरणाऱ्यांच्या टेबलाशी ती हटकून बसते, त्यामागे हा इतिहास आहे.

त्या टेबलावर तिचा पहिला प्रश्न 'काय घेणार?' हा नसतो. 'काय सोडणार?' हा असतो. पालक बुचकळ्यात पडतात. सायन्स घेतलं म्हणजे सगळं घेतलं, अशी समजूत पेणपासून रोह्यापर्यंत घट्ट आहे.

राज्य मंडळाच्या अकरावी-बारावी सायन्सला इंग्रजी सक्तीचं. त्याबरोबर दुसरी एक भाषा किंवा तिच्या जागी आयटी, आणि मग चार विषय. फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी असे चारही घेतले तर दोन्ही दारं उघडी राहतात, पण ओझंही दोन्हीकडचं. गणित सोडलं की इंजिनीअरिंग गेलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याबरोबर आर्किटेक्चरही जातं, मर्चंट नेव्हीही जाते, एनडीएतून हवाई दल आणि नौदलात जाण्याची वाटही बंद होते, हे बहुतेकांना टेबलावर बसल्यावर कळतं. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सचंही तेच. बायोलॉजी सोडलं तर एमबीबीएसच नव्हे, बीएएमएस, बीएचएमएस, बी.एस्सी. नर्सिंग, फिजिओथेरपी ही सगळी ओळ पुसली जाते. उलट फार्मसीला बायोलॉजी लागतंच असं मानणारे पालक रोज भेटतात. बी.फार्म.ला फिजिक्स आणि केमिस्ट्री हवं, तिसरा विषय गणित किंवा बायोलॉजी, कोणताही चालतो. धाटावला औषधांचे आणि रसायनांचे कारखाने दारात असलेल्या रोहेकरांना तरी हे माहीत असायला हवं.

बायफोकलचा घोळ वेगळाच. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, पीक विज्ञान, मत्स्य असे हे विषय २०० गुणांचे. ते दुसरी भाषा खातात आणि वर गणित-बायोलॉजीपैकी एक खातात. 'माझ्या मुलाने कॉम्प्युटर जास्तीचा घेतलाय' असं एक काका अभिमानाने सांगत होते. तो जास्तीचा नव्हता, बायोलॉजीच्या जागी होता, आणि मुलगा नीटच्या क्लासला जात होता. हे दिवाळीत उघडकीला आलं. २०२३ च्या अखेरीला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने बारावीनंतर बायोलॉजी जादा विषय म्हणून दिलेल्यांनाही नीटची मुभा दिली, त्यामुळे त्याची गाडी अगदीच हुकली नाही. पण एक वर्ष गेलं ते गेलंच.

कॉमर्सला प्रश्न एकाच ओळीचा असतो, आणि म्हणूनच त्याकडे कोणी बघत नाही: गणित की चिटणिसाची कार्यपद्धती? म्हणजे मॅथ्स की एसपी? एसपी सोपं, पाठ केलं की मार्क, म्हणून वर्गच्या वर्ग तिकडे जातो. सीए व्हायचंय त्याचं यात काही अडत नाही. बी.कॉम.चंही नाही. पण दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स करायचं म्हटलं तर गणित लागतं. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. आयटी शाखेपेक्षा बारावीचं गणित मागत आली आहे. म्हणजे गणित घेतलेली कॉमर्सची मुलगी तिथे बसू शकली आणि गणित सोडलेली सायन्सची मुलगी बसू शकली नाही. 'सायन्स मोठं, कॉमर्स मधलं, आर्ट्स उरलेल्यांचं' ही उतरंड डोक्यात घट्ट बसलेल्यांना हे पचायला जड जातं.

आर्ट्सविषयी लेखिकेचं मत जरा तिखट आहे. मानसशास्त्र, तर्कशास्त्र, भूगोल, राज्यशास्त्र, सहकार अशी लांबलचक यादी मंडळाच्या कागदावर असते. तालुक्याच्या कॉलेजात त्यातले मोजकेच विषय शिकवले जातात, कारण शिक्षकाचं पद मंजूर असेल तोच विषय. माहितीपत्रकात छापलेला विषय तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाच्या भरवशावर असेल, तर तो शिक्षक डिसेंबरपर्यंत टिकेल का, हे विचारायला पालकांना संकोच वाटतो. का वाटावा? फी भरताना पावती मागतोच ना आपण. गेल्या वर्षी या विषयाला किती मुलं होती आणि कोण शिकवत होतं, हे वर्षभर तिथे शिकलेल्या मुलालाच विचारावं. त्याच्याकडे पक्की माहिती असते.

नववीत निवड छोटी असते, पण सुरुवात तिथूनच होते. हिंदी 'लोकभारती' पूर्ण, की 'लोकवाणी' आणि 'आनन्दः' मिळून हिंदी-संस्कृत संयुक्त, की 'आमोदः' म्हणजे संपूर्ण संस्कृत? उत्तर ठरलेलं: संस्कृतला पैकीच्या पैकी पडतात. टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांची निघते, त्यामुळे एक सोपा विषय हाताशी असणं ही घराघरातली रणनीती. त्यात गैर काही नाही. मात्र ज्या मुलाला संस्कृत नकोच आहे त्याला दोन वर्षं रूपं घोकायला लावून वाढलेला एक टक्का पुढे कुठे उपयोगी पडतो, हे एकदा कागदावर मांडून बघावं. गुणच वाढवायचे असतील तर चित्रकलेची इंटरमिजिएट आहेच. तिथली ए श्रेणी दहावीच्या निकालात ७ गुणांची भर घालते.

चित्रकलेवरून हमरापूरकडची एक मुलगी आठवते. जोहे-हमरापूर पट्ट्यात जूनमध्ये घराघरात गणपतीच्या मूर्ती वाळत असतात. अंगणात, पडवीत, कॉटखाली. हिचे वडील आखणीत वाकबगार. डोळे आखायचं काम कारखान्यात सगळ्यांना देत नाहीत, हात स्थिर लागतो. मुलगीही शाळेतून आली की छोट्या मूर्तींच्या सोंडेवर ब्रश चालवायची. इंटरमिजिएटला ए, दहावीला ८४ टक्के. वडील अर्ज घेऊन आले, बोटांना अजून सोनेरी रंग लागलेला. "मॅडम, हिला सायन्सलाच टाकू ना? टक्के वाया जायला नकोत."

मुलगी गप्प. पुढे काय करायचंय असं विचारल्यावर म्हणाली, "जेजे." मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टसारख्या ठिकाणी ललित कलेच्या पदवीला बारावी कोणत्याही शाखेची चालते. खरी परीक्षा ललित कलेच्या सीईटीची. म्हणजे सायन्स घेऊन तिला काही जास्त मिळणार नव्हतं. प्रॅक्टिकल, जर्नल आणि क्लास यांत रोजचा हाताचा सराव मात्र गेला असता. वडिलांना ते पटायला वेळ लागला. त्यांना आर्ट्स म्हणजे पोरीचं नुकसान वाटत होतं. शेवटी 'स्केचिंगला रोज दोन तास मिळतील का?' या प्रश्नावर गाडं सुटलं, कारण हात सुटला की काय होतं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. मुलीने भूगोल आणि मानसशास्त्र असलेलं कॉलेज शोधून काढलं. ते पेणमध्ये नव्हतं, दिवा-रोहा मार्गावरच्या गाडीने जायचं होतं, आणि त्यावरून घरात आणखी एक बैठक झाली.

२०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला. त्याआधी रायगडात पनवेलकर मुंबई महानगरच्या फेऱ्यांत होते; पेण-रोह्याला कॉलेजच्या फळ्यावर गुणवत्ता यादी लागायची आणि ओळखीच्या सरांना गाठून विषय बदलून घेता यायचा. आता फॉर्म सायबर कॅफेत भरला जातो. दहा पसंतीक्रम देता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकावं लागतं. फॉर्ममध्ये शाखा निवडली जाते. शाखेतले विषय कॉलेजात प्रवेश घेताना ठरतात. 'सायन्स मिळालं' म्हणून पेढे वाटल्यावर कळतं की त्या कॉलेजात आयटी नाही, किंवा तुकडीच पीसीबीची आहे. म्हणून पहिला क्रम भरण्याआधी त्या कॉलेजात एक चक्कर मारावी आणि विषयांचे गट लेखी मागावेत. वेबसाइटवरची यादी जुनी असू शकते.

पनवेल-खारघरच्या क्लासशी 'इंटिग्रेटेड' जोडलेल्या कॉलेजांबाबत एवढंच: बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे प्रत्येकी ३० गुण प्रॅक्टिकलचे असतात. ज्या मुलाने दोन वर्षांत ब्युरेट हातात धरलेली नाही, त्याचं टायट्रेशन परीक्षेत कसं होतं हे केमिस्ट्री शिकवणाऱ्या बाईला विचारावं.

आणि अकरावीच नको असेल तर? दहावीनंतर थेट डिप्लोमा आहे. पेणला शासकीय तंत्रनिकेतन आहे, आणि डिप्लोमानंतर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं. आयटीआयमध्ये रासायनिक कारखान्याच्या अटेंडंट ऑपरेटरचा ट्रेड आहे. धाटावमध्ये वाढलेल्या मुलाला 'एओसीपी' ही चार अक्षरं समजावून सांगावी लागत नाहीत. घरी मात्र आयटीआयचं नाव काढलं की आई डोळ्याला पदर लावते. त्यावर लेखिकेकडे अजून उपाय नाही.

विषय सुटूनच गेला असेल, तरी बारावी झालेल्याला तो एकेकटा देता येतो. परीक्षेचे अर्ज सुरू झाले की कॉलेजात 'तुरळक विषय' असं म्हणूनच चौकशी करावी. नुसतं 'गणित द्यायचंय' म्हटलं तर रिपीटरचा फॉर्म हातात पडण्याची शक्यता असते. रायगड जिल्हा कोकणात असला तरी परीक्षेसाठी मुंबई विभागीय मंडळाकडे येतो, म्हणजे अडलं तर वाशीचं कार्यालय; कोकण मंडळाकडे रत्नागिरीला खेप घालू नये. आणि पैसे भरण्याआधी ज्या अभ्यासक्रमाला जायचंय त्याची त्या वर्षाची माहितीपुस्तिका उघडून, असा नंतर जोडलेला विषय तिथे धरतात का ते बघावं. पात्रतेच्या पानावर ते बारीक अक्षरात असतं.