डोळ्यांच्या दवाखान्यात नेमकं काय काय होतं? – शिक्षक आणि पालकांसाठी एक पाठ



परिसर अभ्यासात ज्ञानेंद्रियांचा भाग आला की आपण मुलांना सांगतो, डोळ्यांनी आपण पाहतो, डोळ्यांची काळजी घ्यावी, अंधारात वाचू नये. मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विषय तिथेच संपतो. पण गोरेगावात स्टेशनच्या पूर्वेला काय आणि पश्चिमेला काय, थोडं चाललात तरी डोळ्यांच्या दवाखान्याची एखादी पाटी दिसतेच. आत काय चालतं, कोणत्या वयात कशासाठी जायचं, हे मात्र आपल्यापैकी पुष्कळांना नीट ठाऊक नसतं. चष्मा आणि मोतीबिंदू, एवढीच बहुतेकांची कल्पना. म्हणून आज हा पाठ मुलांसाठी नाही, आपल्यासाठी.

आधी माणसं ओळखून घेऊ. चष्म्याच्या दुकानात मशीनवर नंबर काढून मिळतो, तो चष्म्यापुरता. दवाखान्यात पहिल्यांदा तपासतात ते बहुधा ऑप्टोमेट्रिस्ट. ते नजर आणि नंबर तपासतात. त्यानंतर पाहतात ते नेत्रतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर डोळ्यांचं पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. औषध आणि ऑपरेशन हे त्यांचं काम. मोठ्या माणसाचा नुसता नंबर बदलला असेल तर दुकानातही काम भागतं. लहान मुलाचा पहिला चष्मा मात्र कधीही दुकानातून करू नका. याला कारण आहे. मुलांच्या डोळ्यांतला भिंग जाडबारीक करणारा स्नायू फार जोरकस असतो. तपासताना मूल नकळत तो ताणून धरतं आणि मशीनवर खोटा नंबर येतो. म्हणून दवाखान्यात बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. फार लहान मूल असेल तर दोनतीन दिवस घरी घालायला मलमही देतात. थेंबांनी तो स्नायू तेवढ्यापुरता सैल पडतो आणि खरा नंबर सापडतो. त्यानंतर काही तास, मलम असेल तर बरेच दिवस, जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. शिक्षकांनी अशा मुलाला त्या दिवशी वाचायला उभं करू नये, इतकंच.

आता ६/६ म्हणजे काय ते पाहू. डच डॉक्टर स्नेलेन यांनी १८६२ मध्ये अक्षरांचा तक्ता तयार केला, तोच थोड्याफार फरकाने आजही भिंतीवर असतो. वरचा आकडा म्हणजे आपण तक्त्यापासून किती मीटरवर उभे आहोत. खालचा आकडा म्हणजे तीच ओळ निरोगी डोळ्याला किती मीटरवरून वाचता येते. ६/६० नजर म्हणजे इतरांना जे साठ मीटरवरून दिसतं ते या मुलाला सहा मीटरवर यावं तेव्हा दिसतं. फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत अंतर साधारण तेवढंच असतं, नाही का?

यातला सर्वांत महत्त्वाचा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे. दोन्ही डोळे कमजोर असलेलं मूल लक्षात येतं. ते वही डोळ्यांजवळ धरतं, डोळे बारीक करतं, शेजारच्याचं बघून उतरवतं. पण एकच डोळा कमजोर असेल तर? मूल चांगल्या डोळ्याने सगळं करतं. वाचतं, धावतं, चेंडू झेलतं. त्याला स्वतःलाही पत्ता नसतो, कारण जग असंच दिसतं असं त्याला वाटत असतं. इकडे मेंदू त्या कमजोर डोळ्याकडून येणारं धूसर चित्र हळूहळू नाकारू लागतो. डोळा वरून अगदी ठणठणीत, पण त्याचा वापरच शिकलेला नाही. याला आळशी डोळा म्हणतात. नाव ऐकून हसू येतं, पण पुढची गोष्ट हसण्यासारखी नाही. मेंदूची ही शिकण्याची मुदत लहानपणापुरतीच असते. सातआठ वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर नजर सुधारण्याची शक्यता चांगली. त्यानंतर ती कमी कमी होत जाते, आणि मोठेपणी कितीही भारी चष्मा आणला तरी त्या डोळ्याला नीट दिसत नाही. म्हणजे बालवाडीपासून दुसरी-तिसरीपर्यंतची मुलं, जी रोज आपल्यासमोर बसतात, त्यांचाच हा काळ.

उपचार महागडा नाही. योग्य चष्मा द्यायचा आणि चांगल्या डोळ्यावर रोज डॉक्टर सांगतील तितके तास पट्टी लावायची, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावंच लागतं. औषध सोपं आहे, चिकाटी अवघड. पट्टी लावली की मुलाला कमी दिसतं, ते चिडतं, ओढून काढतं. वर्गात कुणी ‘काणा’ म्हणालं की दुसऱ्या दिवशी पट्टी दप्तरात जाते. इथे आईबाबांइतकंच काम वर्गशिक्षकांचं आहे. पट्टीवाल्या मुलाला पुढच्या बाकावर घ्या, वर्गाला दोन वाक्यांत कारण सांगा. सगळ्या मुलांना पाच मिनिटं एक डोळा झाकून चित्र रंगवायला दिलं, की चिडवणं बऱ्यापैकी थांबतं.

तिरळेपणाचंही असंच. ‘मोठा झाला की जाईल’, ‘तिरळा डोळा भाग्याचा’, असं काही घरांत अजून ऐकू येतं. सहा महिन्यांनंतरही बाळाचा डोळा तिरका जात असेल तर दाखवायलाच हवं. तिरळेपणामागे कधी चष्म्याचा नंबर असतो, कधी आळशी डोळा, आणि क्वचित आतला गंभीर आजारही. बाहुलीत पांढरी चमक दिसली, किंवा फ्लॅशने काढलेल्या फोटोत एका बाहुलीत पांढरा ठिपका दिसत राहिला, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. लहान बाळांतला मोतीबिंदू किंवा डोळ्याचा कर्करोग यांची ती खूण असू शकते. हो, मोतीबिंदू बाळालाही असतो.

आणि मुलींच्या पालकांना एक विनंती. चष्मा लागला तर पुढे लग्नाचं कसं, म्हणून तपासणीच टाळू नका. चष्मा न लावल्याने नंबर पळून जात नाही.

दूरचं धूसर दिसणारा उणे नंबर हल्ली मुलांत वाढतो आहे. यावर चीनमधल्या ग्वांगझू शहरात एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. बारा शाळांतली पहिलीची मुलं घेतली. निम्म्या शाळांत रोज चाळीस मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर घेतला. तीन वर्षांत नेहमीच्या शाळांतल्या ३९.५ टक्के मुलांना उणे नंबर लागला, तर बाहेर खेळणाऱ्या शाळांत ३०.४ टक्क्यांना. औषध नाही, यंत्र नाही, फक्त उजेड आणि मैदान! आपल्याकडे पी.टी.चा तास गणिताला उसना द्यायची पद्धत आहे, ती या आकड्यांसमोर ठेवून बघा. आरेची झाडी इतकी जवळ असूनही गोरेगावातली पुष्कळ मुलं इमारत, व्हॅन, वर्ग आणि क्लास एवढ्यातच दिवस काढतात.

मोठ्यांकडे वळू. घरातल्या आजी म्हणतात, “अजून पिकला नाही, पिकू दे.” मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहणं हा जुन्या काळातला सल्ला होता, तो त्या काळापुरता बरोबरही होता. पॅरिसमध्ये जाक दाविएल यांनी १७४७ मध्ये डोळा उघडून गढूळ भिंग बाहेर काढलं. पुढे दोनशे वर्षं भिंग काढल्यावर जाड काचेचा चष्माच नशिबी असायचा. मग हॅरोल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरांच्या लक्षात आलं की युद्धात विमानाच्या काचेचे, खरं तर प्लॅस्टिकचे, कण वैमानिकांच्या डोळ्यांत राहिले तरी डोळा ते सहन करतो. त्यावरून १९४९ मध्ये त्यांनी लंडनमध्ये पहिल्यांदा डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. १९६७ मध्ये अमेरिकेतले चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेण्याची युक्ती काढली. ती त्यांना दंतवैद्याच्या खुर्चीत सुचली, दात साफ करणारं यंत्र पाहून. तीच आजची फेको शस्त्रक्रिया. छेद दोनतीन मिलिमीटरचा, टाके बहुधा नाहीतच, आणि त्याच दिवशी घरी. लोक याला सरसकट लेझर म्हणतात, ते बरोबर नाही. फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो आणि फेकोला उलट अवघड जातो. म्हणून रोजच्या कामात, जिना उतरताना, भाजी निवडताना अडायला लागलं की ऑपरेशनचा विचार करायचा.

भिंग कोणतं घ्यायचं यावर दवाखान्यात घरच्यांचा गोंधळ उडतो. साधं एका अंतराचं भिंग स्वस्त असतं आणि चांगलंच असतं. वाचायला चष्मा लागतो, बस. महाग भिंगाने चष्मा कमी होतो, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. डॉक्टरांना विचारा, “साध्या भिंगाने आईंचं काय अडेल?” मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबने १९९२ पासून ही भिंगं आपल्या देशात स्वस्तात बनवायला सुरुवात केली, त्यामुळे ती गरिबाच्या आवाक्यात आली. आपल्या मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने यांनी एक लाखाहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रिया केल्या. लातूर जिल्ह्यातल्या शेतकरी घरातल्या या डॉक्टरांना त्यांच्या आईंनी स्वतःचं मूत्रपिंड दिलं होतं. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मोतीबिंदूने गेलेली नजर परत येते. काचबिंदूने गेलेली येत नाही, हा फरक घरात सगळ्यांना सांगा. काचबिंदूत डोळ्यातला दाब बहुधा वाढतो (साधारणपणे तो पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो) आणि मागची नस सुकत जाते. बहुतेकांना दुखत नाही, लाल होत नाही, कडेची नजर चोरपावलांनी जाते. घरात कुणाला असेल तर चाळिशीनंतर भावंडांनीही दाब आणि नस तपासून घ्यावी. मधुमेह असलेल्यांनी वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासावा, नीट दिसत असलं तरी.

आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब आणू नका. पावसाळ्यात डोळे येतात. २०२३ च्या जुलैत आळंदीपासून राज्यभर साथ पसरली होती, आठवत असेल. बहुतेक वेळा ती विषाणूची असते आणि आपली आपण बरी होते. रुग्णाकडे नुसतं पाहून ती लागत नाही, हात, टॉवेल आणि उशीतून लागते. काही थेंबांत स्टिरॉइड असतं. लाली झटकन जाते म्हणून लोक तीच बाटली पुन्हा पुन्हा आणतात, आणि त्यातूनच मोतीबिंदू नि काचबिंदू होऊ शकतो. खाजऱ्या डोळ्यांच्या मुलांबाबत हे फार घडतं.

अपघाताचं एवढं लक्षात ठेवा. डोळ्यात चुना, फिनेल, ॲसिड गेलं तर आधी दवाखान्यात पळू नका, आधी नळाखाली डोळा धरा. पापण्या उघडून किमान पंधरावीस मिनिटं धुवा, मग पळा. तंबाखूच्या चुन्याची ट्यूब मुलाच्या हातात फुटते, तेव्हा ही पहिली मिनिटंच डोळा वाचवतात. पण पेन्सिल, कर्कटक, फटाक्याचा तुकडा घुसला असेल तर बरोबर उलट करायचं. धुवायचं नाही, चोळायचं नाही, काढायचं नाही. वर कागदी पेला उपडा चिकटवून थेट रुग्णालय. भूल द्यावी लागू शकते म्हणून खायलाही काही देऊ नका.

खर्चाचं विचाराल तर पश्चिम उपनगरात महापालिकेचं कूपर रुग्णालय आहे, मोठ्या कामाला जे. जे. आहे. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखीव असतात. तिथल्या समाजसेवकाला रेशन कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन भेटावं लागतं, आपणहून कुणी सांगेलच असं नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते आणि अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून चष्मेही मोफत देण्याची तरतूद आहे.

पथक येईपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. व्हरांड्यात सहा मीटर, म्हणजे वीस फूट मोजून खडूने रेघ मारा. इंग्रजी ई अक्षराच्या वेगवेगळ्या दिशांचा तक्ता भिंतीवर भरपूर उजेडात लावा, म्हणजे अक्षरओळख नसलेलं मूलही हाताने दिशा दाखवू शकेल. एकेक डोळा वेगळा तपासा. झाकताना तळहात खोलगट ठेवायचा, डोळा दाबायचा नाही आणि बोटांच्या फटीतून बघू द्यायचं नाही (मुलं बघतातच!). रांगेतली मुलं ऐकून उत्तरं पाठ करतात, म्हणून तक्ता मधूनमधून उलटा फिरवा. दोन्ही डोळ्यांत फरक आढळला, किंवा ६/९ ची ओळ वाचता आली नाही, तर नाव वहीत लिहा आणि त्याच दिवशी पालकांना चिठ्ठी द्या. चिठ्ठीत कोणता डोळा ते जरूर लिहा.